विश्लेषण : ओपीडी सांभाळणारे हात बेदखल का?

भंडाऱ्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. ९ ऑक्टोबर २०२४ रोजी राज्यातील ज्या १० नव्या शासकीय महाविद्यालयांचे उद्घाटन झाले, त्यात भंडाऱ्याचे नाव होते. जिल्ह्याला त्यामुळे अधिक डॉक्टर मिळतील, ही अपेक्षा रास्तच. पण बाह्यरुग्ण विभागात, म्हणजे ओपीडीत, रुग्णाचा अधिक वेळ डॉक्टरसमोर जात नाही. तो जातो केसपेपर लिहिणाऱ्या, वजन-रक्तदाब घेणाऱ्या, जखम बांधणाऱ्या आणि गोळ्या कशा घ्यायच्या हे सांगणाऱ्या सहाय्यकासमोर. या माणसाच्या कामाला नेमके नाव नाही, ठरलेले प्रशिक्षण नाही आणि नोकरीची हमीही नाही. असे का, आणि भंडाऱ्याच्या अनुभवातून त्यावर काय मार्ग दिसतो?

ओपीडीत डॉक्टरआधी कोण भेटते?

रोवणीच्या दिवसांत भंडारा, मोहाडी किंवा लाखांदूर तालुक्यातील कोणत्याही दवाखान्यात सकाळी गर्दी उसळते, कारण नंतर बांधीत उतरायचे असते. रुग्ण आधी खिडकीवर जातो. नाव, वय, गाव आणि काय होते ते सांगतो. मग वजन, ताप, रक्तदाब. त्यानंतर डॉक्टर. तिथून पुन्हा इंजेक्शन, ड्रेसिंग, रक्ततपासणी, औषधाची खिडकी. या पाच-सहा थांब्यांपैकी डॉक्टर एका थांब्यावर असतो.

सरकारी केंद्रात ही कामे परिचारिका, आरोग्य सेविका, प्रयोगशाळा तंत्रज्ञ, औषधनिर्माण अधिकारी, कक्षसेवक आणि परिचर यांच्यात वाटलेली असतात. त्यातील एखादे पद रिक्त असले, की काम शेजारच्याकडे सरकते. त्यामुळे रुग्ण ज्यांना ‘मामा’ किंवा ‘मावशी’ म्हणून हाक मारतात, त्यांच्या हाती पदाच्या यादीत नसलेली कितीतरी कामे येतात. खासगी दवाखान्यात तर वाटणीच नसते. बारावी झालेली गावातील एखादी मुलगी किंवा वर्षानुवर्षे डॉक्टरसोबत असलेला एखादा माणूस नंबर लावतो, फोन घेतो, रक्तदाब मोजतो, सुई भरतो, गोळ्यांच्या पुड्या बांधतो आणि संध्याकाळी फरशीही पुसतो. रुग्णाच्या लेखी ती ‘सिस्टर’ असते आणि तो ‘कंपाउंडर’. कागदोपत्री दोघेही ते नसतात.

एवढे काम या लोकांकडे जाते, याचे कारण साधे आहे. ‘बीएमजे ओपन’ या नियतकालिकात २०१७ साली ६७ देशांतील प्राथमिक उपचारांचा आढावा प्रसिद्ध झाला. त्यात भारतात डॉक्टर एका रुग्णाला सरासरी सुमारे दोन मिनिटे देतात, असे दिसले. स्वीडनमध्ये हाच वेळ २० मिनिटांहून अधिक होता. भारतीय सार्वजनिक आरोग्य मानकांच्या २०१२ च्या आवृत्तीत प्राथमिक आरोग्य केंद्रात दिवसाला सहा तास ओपीडी आणि प्रति डॉक्टर किमान ४० रुग्ण अपेक्षित धरले होते. म्हणजे कागदावर एका रुग्णाला नऊ मिनिटे. रुग्ण १०० झाले, की ती साडेतीन मिनिटांवर येतात. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत झाले, केसपेपरचे शुल्कही गेले. हा निर्णय गरिबाच्या हिताचाच होता. मात्र दार उघडल्यावर आत येणाऱ्यांना सांभाळणारे हात किती, हा प्रश्न त्यानंतर अधिक टोकदार झाला.

‘कंपाउंडर’ आला कुठून, गेला कुठे?

औषध कंपनीच्या पाकिटातून येण्याआधी ते दवाखान्यात तयार होत असे. डॉक्टर चिठ्ठी लिहायचा आणि कंपाउंडर चूर्णे, द्रावणे मोजून मिश्रण करायचा. बाटलीवर कातरलेली कागदी पट्टी चिकटवून मात्रेच्या खुणा करणे हे त्याचेच काम. त्यासाठी परीक्षा असत, अनुभवाला मोल होते.

१९४८ च्या फार्मसी कायद्याने हे चित्र बदलले. डॉक्टरच्या चिठ्ठीवरून औषध बनवणे व देणे हे नोंदणीकृत औषधनिर्मात्याचे काम ठरले. मात्र कायदा करणाऱ्यांनी जुन्या लोकांना वाऱ्यावर सोडले नाही. कंपाउंडरची मान्य परीक्षा उत्तीर्ण असलेल्यांना, तसेच दवाखान्यात औषधे बनवण्याचा किमान पाच वर्षांचा अनुभव असलेल्यांना पहिल्या नोंदवहीत येण्याची वाट ठेवली. कामाचे नियमन करायचे, पण ते करणाऱ्या माणसाला सामावूनही घ्यायचे, हे शहाणपण त्या कायद्यात होते.

पुढे तयार गोळ्या आल्या, मिश्रणाच्या बाटल्या गेल्या आणि कंपाउंडरचे मूळ काम संपले. शब्द मात्र राहिला. आज त्या शब्दाखाली जी कामे होतात, त्यातील रक्तदाब, इंजेक्शन, ड्रेसिंग, नोंदी, पाठपुरावा या कशासाठीही पूर्वीसारखी परीक्षा नाही.

रक्तदाब मोजायला शिकायचे ते काय?

‘हे तर कोणीही करेल’ हा या कामाबद्दलचा मोठा गैरसमज. रक्तदाबाचेच घ्या. रुग्णाला आधी पाच मिनिटे शांत बसवायचे, पाठीला टेका हवा, पाय जमिनीवर हवेत आणि एकमेकांवर नकोत, दंड हृदयाच्या पातळीवर टेकवलेला हवा, पट्टा दंडाच्या मापाचा हवा आणि मोजताना कोणी बोलायचे नाही. चार किलोमीटर सायकल मारून आलेल्या माणसाला तसेच बसवून, शर्टावरूनच आखूड पट्टा गुंडाळून घेतलेला आकडा खरा नसतो. १४० च्या अलीकडचा माणूस पलीकडे गेला, तर त्याच्यामागे आयुष्यभराची गोळी लागू शकते. डॉक्टर त्या आकड्यावर विश्वास ठेवूनच गोळी लिहितो.

साप चावलेला रुग्ण आला, की विष रक्त गोठण्यावर परिणाम करत आहे का, हे पाहण्याची जुनी आणि भरवशाची चाचणी म्हणजे काचेच्या नळीत थोडे रक्त घेऊन ते २० मिनिटे न हलवता ठेवणे. नळी काचेचीच, कोरडी व स्वच्छ लागते. प्लास्टिकची घेतली, साबणाने धुतलेली घेतली किंवा मध्येच हलवून पाहिली, तर उत्तर चुकते. धानाच्या बांधीत अनवाणी राबणाऱ्या जिल्ह्यात ही बारीक बाब नाही.

२०१८ मध्ये विदर्भात स्क्रब टायफसचे रुग्ण आढळले, मृत्यूही झाले. या आजाराची खूण म्हणजे किडा चावल्याजागी पडणारा काळा खपलीसारखा डाग. तो काखेत, जांघेत, कमरपट्ट्याखाली, म्हणजे कपड्यांआड लपलेला असतो. दोन मिनिटांच्या तपासणीत तो सापडत नाही. ताप मोजताना ‘कुठे खपली धरली का?’ असे विचारणारी बाई तिथे असेल, तर सापडतो.

सिकलसेलचेही तसेच. राज्यात ज्या जिल्ह्यांत हा आजार प्रामुख्याने आढळतो, त्यात भंडारा आहे. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. तिचे लक्ष्य २०४७ आहे. बोटाच्या रक्तावर होणारी प्राथमिक चाचणी, ती आली तर पुढची खात्रीची तपासणी, मग कार्ड, मग लग्नाआधी समुपदेशन अशी ही साखळी आहे. सांधे धरून कळवळणाऱ्या तरुणाला ‘कामचुकार’ न समजता त्याच्याकडचे सिकलसेलचे कार्ड खिडकीवरच मागितले गेले आणि त्याला रांगेत पुढे घेतले गेले, तर त्याचा त्रास तिथूनच कमी व्हायला लागतो. हे काम हृदय आणि प्रशिक्षण दोन्ही मागते. नुसत्या हृदयावर ते सोडता येत नाही.

भंडाऱ्याने काय करून दाखवले?

हे सारे आदर्शवादी वाटत असेल, तर पुरावा जिल्ह्यातच आहे. नोव्हेंबर २०१७ मध्ये ‘भारत उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम’ सुरू झाला. केंद्रीय आरोग्य मंत्रालय, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, राज्य सरकारे आणि जागतिक आरोग्य संघटना त्यात सहभागी होत्या. पंजाब, केरळ, मध्य प्रदेश, तेलंगणा आणि महाराष्ट्र या पाच राज्यांतील २५ जिल्हे पहिल्या टप्प्यासाठी निवडले गेले. महाराष्ट्रातून सिंधुदुर्ग, सातारा, वर्धा आणि भंडारा.

या उपक्रमात नवे औषध नव्हते, नवे यंत्रही नव्हते. पाच गोष्टी होत्या. उपचाराची सर्वांना सारखी आणि सोपी पायरीवार पद्धत, मोजक्या औषधांचा अखंड पुरवठा, कामाची वाटणी, घराजवळ औषध मिळण्याची सोय, आणि प्रत्येक रुग्णाची नोंद. यातील तिसरी बाब इथे महत्त्वाची. रक्तदाब मोजणे, कार्ड भरणे, पुढची तारीख देणे, महिन्याच्या गोळ्या देणे, तारखेला न आलेल्याला फोन करणे ही कामे परिचारिका आणि आरोग्य कर्मचाऱ्यांना रीतसर शिकवून सोपवली गेली. डॉक्टरने निदान करायचे आणि उपचार बदलायचे. एकदा आकडा आटोक्यात आला, की रुग्णाने गोळ्यांसाठी पुन्हा डॉक्टरच्या रांगेत उभे राहण्याचे कारण उरले नाही.

परिणाम असा, की या उपक्रमात उपचार घेणाऱ्यांपैकी साधारण निम्म्या रुग्णांचा रक्तदाब नियंत्रणात आल्याचे दिसले. सप्टेंबर २०२२ मध्ये न्यूयॉर्क येथे संयुक्त राष्ट्रांच्या आंतरसंस्था कृती दलाचा आणि जागतिक आरोग्य संघटनेचा पुरस्कार या उपक्रमाला मिळाला. त्याचे श्रेय धोरणकर्त्यांना जाते, तसे ते भंडाऱ्यासारख्या जिल्ह्यातील ओपीडीत दंडाला पट्टा बांधणाऱ्या हातांनाही जाते. काम नेमके सांगितले, शिकवले, साधन दिले आणि नोंद ठेवली, तर डॉक्टर नसलेला माणूसही आजार आटोक्यात आणण्यात मोठा वाटा उचलतो, हेच यातून सिद्ध झाले.

मग घोडे कुठे अडते?

ते अडते या कामाच्या कायदेशीर ओळखीपाशी. २०२१ मध्ये संसदेने राष्ट्रीय संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायदा केला. प्रयोगशाळा तंत्रज्ञापासून भौतिकोपचार तज्ज्ञापर्यंत अनेक व्यवसायांना त्याने प्रथमच एका छताखाली आणले. डॉक्टरच्या हाताखाली काम करणाऱ्या पदवीधर ‘फिजिशियन असोसिएट’ला त्यात जागा आहे. पण संलग्न आरोग्य व्यावसायिक ठरण्यासाठी किमान २००० तासांचा पदविका किंवा पदवी अभ्यासक्रम लागतो. साकोली किंवा पवनीच्या दवाखान्यात दहा वर्षे काम केलेली मुलगी त्या व्याख्येत बसत नाही. १९४८ च्या कायद्याने कंपाउंडरसाठी ठेवली होती तशी वाट तिच्यासाठी नाही.

खासगी दवाखान्यांची स्थिती आणखी मोकळी आहे. केंद्राचा २०१० चा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदा महाराष्ट्राने स्वीकारलेला नाही. राज्यात लागू असलेला १९४९ चा शुश्रूषागृह नोंदणी अधिनियम खाटा असलेल्या ठिकाणांना लागू होतो. जिथे खाट नाही, फक्त तपासून औषध दिले जाते, तो दवाखाना त्याच्या बाहेर राहतो. तिथे सुई कोण टोचते, हे विचारायला कोणी येत नाही. दुकाने व आस्थापना अधिनियमातील बहुतेक तरतुदी मोजक्या कामगारांच्या ठिकाणी लागू होत नाहीत, आणि दोघा-तिघांवर चालणारा दवाखाना त्यात कुठला येणार? त्यामुळे कामाचे तास, साप्ताहिक सुटी, रजा हे सारे डॉक्टरांच्या भलेपणावर. लैंगिक छळाविरोधातील २०१३ च्या कायद्याने दहापेक्षा कमी कर्मचारी असलेल्या ठिकाणच्या महिलेला जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे दाद मागता येते. पण हे तिला सांगणार कोण?

सरकारी बाजूला अडचण कंत्राटाची. राष्ट्रीय आरोग्य अभियानातील कर्मचारी वर्षानुवर्षे मुदतवाढीवर काम करतात. १० वर्षे सेवा झालेल्यांना सामावून घेण्याचा शासन निर्णय १४ मार्च २०२४ रोजी निघाला. त्याची अंमलबजावणी व्हावी यासाठी १९ ऑगस्ट २०२५ पासून राज्यभर कामबंद आंदोलन करावे लागले. कागदावर मान्य झालेली गोष्ट मिळवण्यासाठी काम थांबवावे लागणे, यात रुग्णाचेही नुकसान आहे.

चूक झाली, तर जबाबदारी कोणावर?

या प्रश्नाला भंडाऱ्यात वेदनेची किनार आहे. ९ जानेवारी २०२१ च्या मध्यरात्रीनंतर भंडारा जिल्हा सामान्य रुग्णालयाच्या नवजात बालकांच्या विशेष कक्षात आग लागली. १० बालके दगावली, सात वाचवता आली. तो कक्ष ओपीडीचा नव्हता, रात्रपाळीचा होता. तरीही त्यानंतर झालेल्या कारवाईतून आरोग्य यंत्रणेतील उतरंड उघडी पडली. चौकशीनंतर जिल्हा शल्यचिकित्सकांसह नियमित सेवेतील काहींना निलंबित करण्यात आले. कंत्राटी परिचारिका आणि कंत्राटी बालरोगतज्ज्ञ यांची मात्र सेवाच समाप्त करण्यात आली. पुढे दोन परिचारिकांवर गुन्हाही दाखल झाला.

कोणाचा दोष किती, हे न्यायालय ठरवते. कर्तव्यात कसूर झाली असेल, तर पद छोटे म्हणून ती माफ होऊ नये. ज्या आयांच्या कुशी रिकाम्या झाल्या, त्यांना तर तसे सांगताही येणार नाही. परंतु निलंबन आणि सेवासमाप्ती यातील फरक समजून घ्यायला हवा. निलंबितास निर्वाहभत्ता मिळतो, विभागीय चौकशीत बाजू मांडता येते आणि निर्दोष ठरल्यास परत येता येते. कंत्राट संपले, की यातील काहीच उरत नाही. एकाच घटनेत अधिकार अधिक असलेल्याला प्रक्रिया मिळते आणि अधिकार कमी असलेल्याला थेट दार दाखवले जाते. हाच नियम ओपीडीतही लागू आहे, फक्त तिथे बातमी होत नाही. चुकीच्या रुग्णाला इंजेक्शन दिले गेले, गोळ्या अदलाबदल झाल्या, की आधी सहाय्यकाकडे बोट जाते. त्याला कोणी, कधी, काय शिकवले होते, हा प्रश्न नंतरही विचारला जात नाही.

चूक लपवण्याची सवय यातूनच लागते. सुई स्वतःला टोचली तरी ‘बोलणी खावी लागतील’ म्हणून मुलगी गप्प बसते. हिपॅटायटिस बी ची तीन डोसांची लस तिला दिलेली असतेच असे नाही. २००९ मध्ये गुजरातमधील मोडासा भागात वापरलेल्या सिरिंज पुन्हा वापरल्याने हिपॅटायटिस बी पसरून अनेकांचा बळी गेला होता. सुईचा निष्काळजीपणा किती दूर जातो, याचा तो धडा होता.

शिकवले, तर बोगस डॉक्टर वाढतील?

डॉक्टरांच्या संघटनांमधून हा आक्षेप हमखास येतो आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. चार वर्षे कंपाउंडरकी करून पुढे शेजारच्या गावात स्वतःचा ‘दवाखाना’ थाटणारे लोक ग्रामीण महाराष्ट्राने पाहिले आहेत. छोट्या दवाखान्याचा खर्च वाढेल आणि तो शेवटी रुग्णाच्या खिशातून जाईल, ही दुसरी भीती.

पण पहिल्या भीतीचे मूळ शिकवण्यात नाही. ते मर्यादा कुठे संपते हे न सांगण्यात आहे. आज सहाय्यकाला बघून बघून सगळेच येते आणि काय करायचे नाही, हे कुठेच लिहिलेले नसते. डॉक्टर बाहेरगावी गेले, तरी शटर उघडे राहते. ज्या प्रमाणपत्रावर ‘हे करता येईल’ इतक्याच ठळकपणे ‘हे करता येणार नाही’ असे छापलेले असेल, ते बोगस डॉक्टरकीला लगाम घालेल. खर्चाचे म्हणाल, तर चुकीच्या रक्तदाबावर सुरू झालेल्या गोळ्या आणि पिकलेली जखम यांचा खर्च रुग्ण आजही भरतोच आहे.

अमेरिकेत ‘मेडिकल असिस्टंट’ हा वेगळा व्यवसाय मानला जातो. त्यांची राष्ट्रीय संघटना १९५६ मध्ये स्थापन झाली आणि आज तिथे सात लाखांहून अधिक लोक हे काम करतात. त्यांनी काय करायचे, याच्या चौकटी आहेत. आपल्याकडे कौशल्य विकास योजनेत ‘जनरल ड्युटी असिस्टंट’ हा अभ्यासक्रम आहे. जून २०२१ मध्ये करोनाकाळात एक लाख जणांना सहा प्रकारच्या आरोग्य कामांसाठी तयार करण्याची अल्पमुदतीची मोहीमही केंद्राने जाहीर केली होती. मात्र हे सारे मुख्यतः मोठी रुग्णालये डोळ्यांसमोर ठेवून झाले. तालुक्याच्या एका खोलीच्या दवाखान्यापर्यंत ते झिरपले नाही.

काय करता येईल?

भंडाऱ्यात आता वैद्यकीय महाविद्यालय आहे, जिल्हा रुग्णालयाची मोठी ओपीडी आहे आणि रक्तदाब उपक्रमाचा अनुभव आहे. पथदर्शी प्रयोगासाठी याहून वेगळे काय लागते?

पहिले, सध्या दवाखान्यांत काम करणाऱ्यांसाठी महाविद्यालयाने मराठीत तीन महिन्यांचा, दुपारच्या वेळेचा वर्ग चालवावा. रक्तदाब, ताप, वजन, हात धुणे, ड्रेसिंग, सुईची विल्हेवाट, नोंदी आणि धोक्याची लक्षणे ओळखणे एवढाच अभ्यासक्रम. परीक्षा लेखी नको, हाताने करून दाखवण्याची हवी. शिकवणाऱ्यांना झाडीबोलीतील दुखण्याचे शब्द समजायला हवेत; रुग्ण पुस्तकी मराठीत कळवळत नाही.

दुसरे, ज्यांचा अनुभव पाच वर्षांचा आहे, त्यांना १९४८ च्या कायद्याच्या धर्तीवर थेट परीक्षेला बसू द्यावे. तिसरे, बिनखाटांच्या दवाखान्याचीही साधी नोंद असावी आणि तिथे काम करणाऱ्यांची नावे व प्रशिक्षण दर्शनी भागात लावावे. चौथे, हिपॅटायटिस बी ची लस आणि सुई टोचल्यास मोफत तपासणी जिल्हा रुग्णालयातून खासगी दवाखान्यातील सहाय्यकालाही मिळावी. पाचवे, सरकारी सेवेतील कंत्राटी कर्मचाऱ्याला चौकशीत म्हणणे मांडू दिल्याशिवाय काढू नये.

यातील पाचव्या मुद्द्यासाठी शासनाला निर्णय घ्यावा लागेल, तिसऱ्यासाठी कायदा. पहिला, दुसरा आणि चौथा मात्र जिल्हा पातळीवर, आहे त्याच इमारतीत, आहे त्याच माणसांनिशी सुरू करता येतो. महाविद्यालयातून पहिला डॉक्टर बाहेर पडायला अजून काही वर्षे आहेत. तो ओपीडीत येऊन बसेल, तेव्हा त्याच्यासमोर ठेवलेल्या केसपेपरवरचा रक्तदाबाचा आकडा खरा असावा, याची तयारी मात्र आताच करावी लागेल.